मानासेची निउआची फेरी

मानासे वाइपुना तोंगाच्या आरमारात इंजिनवर चीफ होता. बोटी दोन. त्यांतली एक दुरुस्तीसाठी परदेशी गेलेली आणि दुसरी दुरुस्तीला आलेली. त्या दुसरीचं इंजिन मानासेच्या हाती. त्याची बायको एलेनोआ म्हणायची, "तुमचं आरमार म्हणजे आमच्या चर्चचा ट्रक. हक्क सगळ्यांचा, आणि हवा तेव्हा जागेवर नाही."

त्याची म्हातारी आई देशाच्या पार उत्तर टोकाला, निउआ बेटावर राहायची. प्रवासी जहाज तिकडे लहर लागली तर जाई. आरमाराच्या बोटीची फेरी कधीमधी असे, पण मानासेला ती लाभत नव्हती. एकदा वादळामुळे बोट भलत्याच बेटाकडे वळली. एकदा निम्म्या वाटेतून कुठल्याशा मंत्र्याला आणायला माघारी बोलावलं. एकदा तर धक्का सुटण्याआधीच पंप गेला, आणि पंप दुरुस्त करणारा हाच. आई फोनवर म्हणायची, "बोट येईल तेव्हा ये. मला हल्ली नीट दिसत नाही, पण बोटीचा भोंगा कळतो."

यंदा मानासे निवृत्त व्हायचा होता. म्हणजे आता ठरली होती ती फेरी शेवटची. निघायच्या आदल्या दिवशी बोटीवर नवी उपकप्तान रुजू झाली. लुसेआने. मानासेच्या सख्ख्या मामाची मुलगी.

तोंगात मामाची मुलगी म्हणजे बहीणच. बहीण मोठी झाली की भाऊ तिच्याबरोबर एका खोलीत बसत नाही, एकत्र जेवत नाही, तिच्यादेखत मोठ्यानं हसतही नाही. धाकटी असली तरी मान तिचाच. दोघं एका ठिकाणी असली की इतरांनीही चावट काही बोलायचं नाही. राजधानीतली पोरं आता हे फारसं मनावर घेत नाहीत. निउआत घेतात, आणि मानासे निउआचा होता.

तो कॅप्टन तालियाईकडे गेला. "सर, ती माझी बहीण लागते."

"मग? जेवायची खोली एक, जिना एक. तुला वेगळी बोट काढून देऊ?"

"मी खालीच राहीन. इंजिनपाशी."

"राहा. बहिरा झालास तर मला सांगू नकोस."

मानासे खालीच जेवला, खालीच झोपला. स्वयंपाकी फिलिमोने ताट घेऊन यायचा आणि तोंड सोडायचा. "चीफ, नव्या नवरीसारखं किती दिवस खोलीत बसणार? वर आमची पंचाईत झालीय. कोणी चावट काही बोलायला लागलं की सगळे आधी जिन्याकडे बघतात, तुम्ही आलात की काय म्हणून."

कॅप्टन जागा असला की लुसेआनेचे हुकूम त्याच्यामार्फत खाली येत. तो झोपला की फिलिमोने धावायचा.

"बाईसाहेब म्हणतात, वेग कमी करा."

"किती?"

"ते नाही सांगितलं. मी स्वयंपाकी आहे, चीफ."

निउआ दिसलं तेव्हा समुद्र उसळायला लागला होता. बोट धक्क्यापर्यंत नेता येईना, म्हणून खडकांच्या रांगेबाहेर नांगर टाकला. रबरी होडीनं पहिल्या खेपेला औषधं आणि नर्स गेली. मानासे तेव्हा गळक्या पंपाखाली उताणा पडला होता. काम उरकून, अंघोळ करून, वडीलधाऱ्यांसमोर जाताना कमरेला बांधतात ती मानाची चटई गुंडाळून तो वर आला, तेव्हा होडी दुसऱ्या खेपेला तयार होती. लुसेआने मुखियाला भेटून नर्सला परत आणणार होती.

"वारा फिरतोय," कॅप्टन म्हणाला. "ही शेवटची खेप. मानासे, बस पटकन."

लुसेआनेनं त्याला पाहिलं. ती उठून होडीच्या अगदी टोकाला जाऊन बसली आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. मानासेनं दोराच्या शिडीवर पाय ठेवला. समोर धक्क्यावर सगळं गाव उभं होतं, आणि गर्दीच्या पुढे आईची काळी छत्री होती.

त्यानं पाय मागे घेतला.

"चीफ, चांगलं चार हात अंतर आहे की!" होडीवाला खालून ओरडला.

"मध्ये भिंत आहे का?"

होडी गेली. मानासेनं कठड्यावर मूठ आपटली. आपल्यावर, होडीवर, लुसेआनेला याच बोटीवर पाठवणाऱ्या कचेरीवर, सगळ्यांवरच तो चिडला होता. नांगर सरकायला लागल्यावर कॅप्टननं सांगितलं, "आता इंजिनवाल्याला मी बोटीवरून हलू देणार नाही."

थोड्या वेळानं होडी परत येताना दिसली. तिच्यात लुसेआने नव्हती. काळी छत्री होती.

"तुझ्या बहिणीनं पाठवलीय," कॅप्टन म्हणाला. "मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. आटप लवकर."

मानासे शिडीच्या शेवटच्या पायरीवर लोंबकळला. होडी लाटेबरोबर वर यायची आणि त्याचा हात पोचायच्या आत खाली जायची. एकदा बोटांना छत्री लागली, तेवढीच.

"आई! मी खाली उडी मारतो."

"चीफ, होडी उलटेल!" होडीवाला किंचाळला.

"किती वाळलास रे," आई म्हणाली. पण ती बघत होती शिडीच्या वर उभ्या असलेल्या फिलिमोनेकडे. "होडीत बसला नाहीस म्हणे."

वेडा आहेस, बसायचं होतंस, असं ती म्हणेल असं मानासेला वाटत होतं.

"बरं केलंस. सगळं गाव बघत होतं." तिनं पानात बांधलेलं, नारळाच्या दुधात भाजलेलं मांस होडीवाल्याच्या हाती दिलं, आणि त्यानं ते आकड्याला अडकवून वर पोचवलं. "लुसेआनेला आधी दे. चल, निघते. माझ्या भावाची पोर उन्हात उभी आहे."

छत्री लहान होत गेली. पुढच्या खेपेला नर्स आणि लुसेआने आल्या आणि नांगर उचलला गेला.

मानासेनं पुडी न सोडता वर पाठवली. इंजिनपाशी बसल्यावर त्याच्या मनात आलं, की लुसेआने धक्क्यावर आईशी बोलली असणार. त्याला जे जे विचारायचं होतं ते सगळं तिला ठाऊक असणार, आणि ती इथून एक जिना वर होती.

फिलिमोने पानातलं अर्धं परत घेऊन आला. "बाईसाहेब म्हणाल्या, भावाला द्या."

"त्यांना विचार, आईचे डोळे कसे आहेत."

फिलिमोने वर जाऊन आला. "बरं आहे म्हणाल्या."

"काय बरं आहे? डोळे की तब्येत?"

"ते नाही विचारलं. मी स्वयंपाकी आहे, चीफ."

"जा," मानासे ओरडला. "परत विचार."