डब्यातली मासोळी

ब्रह्मपुरीच्या बाजारात कमळा मासोळी विकते. नवरा वारलू वैनगंगेत जाळं टाकतो, ही टोपलं घेऊन बसते. घरात बाळंतीण असो की नुकतं ऑपरेशन झालेला म्हातारा, अंगात ताकद यावी म्हणून लोक तिच्याकडेच मरळ मागायला येतात. आणि अख्ख्या गावाला खाऊ घालणाऱ्या ह्या बाईचा पोटचा पोरगा तिच्या मासोळीला शिवत नाही. तिनं डोकं आपटून घ्यायचं तरी कुठं?

प्रणित ऊर्जानगरला कंत्राटी कामावर लागला, जिममध्ये जाऊ लागला, आणि तिथल्या कोणा दंडवाल्या गुरुजीनं त्याला टूनाचं वेड लावलं. ह्या वेळी गावी आला तोही बॅगेत टूनाचा डबा घेऊनच. समुद्रातली मासोळी, केव्हा मेली कोणास ठाऊक!

"आपल्या मरळीत काऊन नाई ताकद?" कमळानं विचारलं.

"असन. पण मरळीवर लिहून आहे का? इथी डब्यावर पाह्य, प्रोटीन किती, ओमेगा-थ्री किती, सारं छापून आहे. अन् काटा नाई." प्रणितनं मोबाइलवर टूनाच्या टिक्क्यांचा व्हिडिओ दाखवला. "अशा कर," म्हणाला आणि मित्रांकडे निघून गेला.

कमळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरगा कित्येक महिन्यांनी घरी जेवणार होता. आपल्या हातचं पोटभर खावं, एवढीच तिची आस. तिनं डबा फोडला. डोकं नाही, शेपूट नाही, नुसता गर. मासोळी म्हटली की मीठ-हळद चोळून खळखळून धुवायची, हे तिच्या हातांना पाठ. डब्यातली आधीच शिजलेली असते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. चोळताच भुगा झाला, पाणी ओतताच तो मोरीतून अंगणात गेला, आणि सगळा ओमेगा-थ्री कोंबड्यांनी टिपून खाल्ला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. आता हा उपाशीच निघून जाणार. शेवटी टोपल्यात उरलेली मरळ तिनं उकडली, बोटांनी चाचपून बारीकसारीक काटा काढला, कांदा-मिरची चिरली, हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला आणि तांदळाच्या पिठात टिक्क्या थापून तव्यावर शेकल्या.

प्रणित खातच सुटला. भातही मागून घेतला.

"म्हनत होतो न मी, आई? याले म्हनते मासोळी! तू अन् बाबा नदीतून आनता, थ्याले हे चव येते का?"

खरं काय ते कमळाच्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं असतं तर पोरानं हातातला घास तिथंच टाकला असता.

"अजून वाढू का?" तिनं विचारलं.