धम्मानंदचा शेवटचा रोल

पंचवीस वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीवर जमाव चालून आला, तेव्हा दीपमालाचा नवरा धम्मानंद घराच्या पत्र्यावर चढून फोटो काढत होता. जळकोटजवळच्या त्या गावात त्याचा स्टुडिओ होता. रोल धुण्याचं काम दीपमाला करायची. जमावानं त्याला पाय धरून खाली ओढलं आणि कुऱ्हाडीच्या मागच्या तुंब्यानं डोकं फोडलं. तान्ह्या समीक्षाचं तोंड पदरानं दाबून ती पलंगाखाली पडली होती. तिनं काही पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

कोर्टात सगळे सुटले. ओळखणारंच कुणी नव्हतं.

हल्ल्याच्या रात्रीच शेजारच्या किशनरावांनी मायलेकींना जीपमध्ये घालून लातूरला आणलं. तेव्हापासून ते समीक्षाचे मामा. कॅमेरा रक्तात पडला होता, मागचं झाकण उचकटलेलं. दीपमालानं तो परकरात गुंडाळला, आतल्या आत रोल गुंडाळून काढला आणि कुणालाही सांगितलं नाही. लेक वाचवायची होती.

आता लेक नांदेडच्या कोर्टात वकील होती, आणि दीपमालानं तिला रोलचं सांगितलं होतं. सुटलेल्यांवर पुन्हा खटला चालत नाही; ज्याच्यावर कधी गुन्हाच लागला नाही, असा एखादा चेहरा तिला हवा होता.

"आई, पुण्याच्या लॅबमध्ये आठशेत धुऊन देतात. तू टाकी, पावडरी मागवून साडेतीन हजार घातलेस. एका रोलसाठी!"

"आपलं माणूस कुरिअरनं धाडत न्हाईत."

"आणि बिघडला तर?"

"माझ्या हातानं बिघडू दे."

रंगीत रोल घरी जमला नसता. पण ओळखपत्रांच्या फोटोंसाठी धम्मानंद कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोलच ठेवायचा. लातूरचा मे महिना, नळाचं पाणी चहाला ठेवल्यासारखं. तिनं जारचं पाणी घेतलं, रसवंतीवरून आणलेल्या बर्फाच्या टोपात बाटल्या बुडवल्या, न्हाणीच्या खिडकीला पुठ्ठा ठोकला, दाराच्या फटीत गोधडी कोंबली. अंधारात जुना रोल स्प्रिंगसारखा बोटांवर उसळत होता. तिसऱ्या खेपेला टाकीतल्या चकरीत बसला.

औषध ओतलं. टाकी उलटी केली, सरळ केली.

'खाली ओढा त्याला!'

उलटी, सरळ. पत्र्यावर दगड. काठ्या. मग ओल्या लाकडावर घाव बसावा तसा आवाज, आणि पुन्हा तोच. धम्मानंद स्वतःसाठी गयावया करत नव्हता. "आत लेकरू हाय," एवढंच म्हणत होता. मग तेही थांबलं, तरी घाव थांबले नाहीत.

फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून, धुऊन तिनं पट्टी उजेडात धरली. शेवटचं टोक काळंठिक्कर. उचकटलेल्या झाकणातून ऊन शिरलं होतं. त्याच्यावर चढून येणाऱ्यांचे फोटो गेले होते.

पण आधीचे फोटो पुसट का होईना, उतरले होते. मोबाईलमध्ये रंग उलटे करून तिनं एकेक पाहिला. निळे झेंडे. धावणारी पोरं. तोंडाला उपरणी बांधलेली माणसं. आणि त्यांच्यामध्ये एक उघडा चेहरा: एका हातानं शिडी भिंतीला लावून धरलेली, दुसरा हात वर, पत्र्याकडे दाखवणारा.

किशनराव.

जीपमध्ये त्यांनी दोनदा विचारलं होतं, "ताई, कॅमेरा कुठंय?" तिला ती काळजी वाटली होती. "फुटला," ती म्हणाली होती.

तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. "आई, झाला का गं? मी निघालेय. मुखेडला मामा भेटले, म्हणाले गाडीतूनच चल. त्यांना रोलचं सांगितलं, लई खूश झाले. थांब, स्पीकरवर टाकते."

"काय ताई," किशनरावांचा आवाज आला, "निघालं का काही?"

दीपमालाच्या हातातून पट्टीचं पाणी ठिबकत होतं.

"न्हाई दादा. सगळा काळा निघाला. एक बी फोटो न्हाई."

पलीकडून लांब श्वास सुटला. "अरेरे. नशीब म्हणायचं."

"दादा, समीक्षाला उदगीरच्या स्टँडवर सोडा. माझी मैत्रीण तिथं थांबली हाय, दोघी एसटीनं येतील."

"आई, कोण मैत्रीण?"

"उतर म्हणलं ना!" ती जोरात ओरडली.

फोन ठेवून तिनं ओली पट्टी पिठाच्या डब्यात खुपसली, दाराला कडी घातली, आणि विळी मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली.