तेराव्याला थांबलो, तिथेच चुकलो

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मी आफ्रिकेत एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी करतो. गेल्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून बिनपगारी रजा टाकून नाशिक रोडला आलो, तो त्यांचं सगळं आटोपूनच परतलो.

आता पुन्हा सुट्टीवर आलोय, तर आज माझ्या सीएनं पासपोर्टवरचे शिक्के बघून गेल्या आर्थिक वर्षातले माझे भारतातले दिवस मोजले. "एकशे चौऱ्याऐंशी. एकशे ब्याऐंशी भरले की तुम्ही इथले रहिवासी, मग तिकडच्या पगारावरही इथे टॅक्स. दहावं करून निघाला असतात, तर वाचला असतात."

म्हणजे तेराव्यासाठी थांबलो, ते तीन दिवस नडले!

घरी आलो तर आई विचारते, "या खेपेला किती दिवस आहेस रे?"

'जास्तीत जास्त एकशे एक्क्याऐंशी' हा आकडा ओठावर आला होता. गिळला. बाहेर राहणाऱ्यांनो, तुम्ही आईला काय सांगता?