तलवारवाला शेजारी आहे

इथे आखातात, रास अल खोरच्या त्या रत्नागिरीकर फ्रेमवाल्याकडे जायचं म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. काम कधी होईल विचारलं की ‘इन्शाल्ला उद्या’, आणि चित्र हातात घेतलं की पहिला प्रश्न, ‘म्याडम, ह्यात जिंकतो कोण?’

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीकडे आलेल्या एका हॉटेलच्या सजावटीच्या कामासाठी त्याला एक जपानी चित्र दिलं. लाकडी ठशांनी छापलेलं, तीन कागदांवर मिळून एकच प्रसंग: उजवीकडे तलवार उपसलेला वीर, मधे वादळ, डावीकडे घराएवढा, आठ पायांचा राक्षसी कोळी. तीन खोल्यांसाठी तीन फ्रेम हव्या होत्या. गडी अडूनच बसला.

‘वीर एका खोलीत, राक्षस दुसऱ्या खोलीत. मग लढायचं कोणी?’

‘हॉटेल आहे ते! तुम्ही फ्रेम करा, खलास!’ मी ओरडलेच.

चार हेलपाट्यांनंतर फ्रेम मिळाल्या. खालच्या मजल्यावर टांगताना राक्षसाची फ्रेम उलटी केली, तर मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘घाबरू नका. तलवारवाला शेजारच्याच खोलीत आहे.’

तलवारवाला तर पाचव्या मजल्यावर लागून गेला होता.

चडफडत वर गेले आणि त्याला खाली घेऊन आले.