रुख्माचं पाऊल

"माहं पाऊल पाहा, पोटरी नोका पाहू." रुख्मा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पावलं खरंच नाजूक होती. लग्नातली जोडवी अजून सैल बसत. घोट्याच्या वर मात्र दोन्ही पाय कमरेपर्यंत जाडावलेले. वासराचं शेपूट लागलं तरी कळ यायची, निळे डाग उठायचे.

अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावानं ठरवून टाकलं होतं, हा हत्तीपाय. तो पाण्यातून दुसरीला लागतो असं मानून भाताच्या रोवण्याच्या वेळी तिला बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, चिखलात उतरू देत नसत. चार वर्षं ती बांधीच्या कडेला, उंच धुऱ्यावर बसून रोपांच्या जुड्या फेकत होती. बाया वाकून गात मागं सरकायच्या. गाणं रुख्मानंच माहेराहून आणलेलं. धुऱ्यावर तिचे नुसते ओठ हलायचे.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं, दुधरामनं, बैलगाडीतून तिला अर्जुनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पोटरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही.

"आईचे पाय कसे होते?"

"असेच. लोक तिलेबी हासत."

"हत्तीपायात पाऊलही सुजतं. तुझं नाही. ही चरबीच दुखरी आहे. उपाशी राहून उतरायची नाही. नाव मलाही ठाऊक नाही, औषधही नाही. घोट्यापासून वर पट्टी बांध. पाण्यात उभी राहत जा, हलकं वाटेल."

"पान्यातच तं उभी राहू देत नाहीत, बाई."

आषाढात लुगड्याच्या चिंध्या पायांना गुंडाळून ती धुऱ्यावर उभी राहिली. रोवणाऱ्या बायांची म्होरकी सुशीलाबाई कमरेवर हात ठेवून बोलली, "डॉक्टरनीचा कागद आनला का?"

"नाही मावशी. पाऊल आनलं."

रुख्माची जाऊ कुंदाबाई वाकल्या वाकल्याच बोलली, "चार वर्सं एका घरात राहून राहिलो, एकाच डोहनातल्या पान्यानं पाय धून राहिलो. मले काऊन नाही झाला?"

सुशीलाबाईनं रुख्माच्या पावलांकडे पाहिलं. मग दोन हात डावीकडे सरकली. "मांगं पडली तं धुऱ्यावर बसवीन."

रुख्मा बांधीत उतरली. गार गाळ चिंध्यांतून आत शिरला, पाय हलके झाले. ती रांगेतल्या त्या मोकळ्या जागेकडे चालू लागली. नाजूक पावलं चिखलात बुडाली, वर दिसत होत्या फक्त पोटऱ्या. आज तिनं कोणाला काही ऐकवलं नाही. बैलांचे कासरे धरून दुधराम धुऱ्यावरून पाहत राहिला, गाण्यात तिचा आवाज वेगळा ऐकू येईपर्यंत.