कार्डावरची

एक जानेवारीला सकाळी आठच्या फेरीला माझ्या गाडीत नऊ माणसं एकदम पंचाहत्तर वर्षांची झाली.

यात चमत्कार काही नाही. आधार कार्डाच्या शिबिरात म्हाताऱ्यांना जन्मतारीख विचारली, तेव्हा कोणाला दुष्काळ आठवला, कोणाला थोरल्या भावाचं लग्न. कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने साल टाकलं आणि तारीख सगळ्यांना एकच दिली. त्यामुळे त्या गावातलं जवळजवळ प्रत्येक म्हातारं माणूस वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं आहे. पंचाहत्तर पूर्ण झाली की बस फुकट. म्हणून ते नऊजण धुक्यात थांब्यावर ओळीने उभे होते, हातात कार्ड धरून.

मी बीडच्या डेपोत कंडक्टर आहे. एकोणीस वर्षं झाली. त्या हिवाळ्यात पालीच्या पुढच्या एका गावाची ड्यूटी होती. सातला बीडहून निघायचं, आठला गावातून परत. मग अकराला पुन्हा जायचं, बाराला गावातून परत, दोनला सुट्टी. ड्रायव्हर आमचे चाचा, बीडचेच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले.

दिवाळीनंतर हे गाव ऊसतोडीला जातं. दारांना कुलपं, आणि कुलपापुढे बाभळीची काटेरी फांदी आडवी, जनावर शिरू नये म्हणून. सगळी गल्ली अशी काट्यांनी बंद. कुत्रीसुद्धा टोळीबरोबर गेलेली असतात. मागे राहतात फक्त म्हातारी माणसं, आणि ती मोठ्याने बोलत नाहीत. गाडी वळवताना चाचा हॉर्न वाजवायचे, तो हॉर्न त्या बंद घरांवरून फिरून परत यायचा. तेवढाच काय तो आवाज.

"कुठं निघालात सगळे?" मी त्या नऊजणांना विचारलं.

"बीडला," एक म्हातारा म्हणाला. "आज समद्यांचा हॅपी बड्डे हाय, बाई."

कोणी हसलं नाही. बीडला उतरून ते स्टँडवरच्या बाकावर बसले आणि अकराच्या गाडीने परत निघाले. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी चढायचं, बाकावर बसायचं, परत जायचं. मी शून्याची तिकिटं फाडत होते.

पालीला एक निवृत्त गुरुजी चढायचे, तेही फुकटातले. पेन्शन चालू, दुमजली घर, बोटात अंगठी.

"गुरुजी, तुम्ही फुकट कशाला बसता?" मी एकदा विचारलंच.

"सरकारनं माजं वय बघितलं, खिसा न्हाई बघितला. तू कावून बघती?"

"बघायला पाहिजे. गरज आहे त्यालाच द्यावं."

"मग पयलं तुज्या सासूपासून सुरू कर."

गाडीतली चार माणसं हसली. माझ्या सासूबाईंना सासऱ्यांची पेन्शन मिळते आणि त्या दर आठ दिवसांनी अंबाजोगाईला लेकीकडे फुकट जातात, माझी गाऱ्हाणी सांगायला. हे गुरुजींना कोणी सांगितलं देव जाणे.

"बघ," ते म्हणाले, "गरिबीचा दाखला मागितला की ज्याला दाखला काढता येतो तो गरीब ठरतो. आपल्याकडं दोन ट्रॅक्टरवाल्याकडं बी कमी उत्पन्नाचा दाखला हाय."

मला ते पटलं नव्हतं. पेन्शनवाला माणूस सवलत टिकवायला असंच बोलणार.

त्या नऊजणांपैकी एक बाई मात्र अकराच्या गाडीने परत जात नसे. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, हातात कडीचा डबा. सकाळी बीडला उतरून ती स्टँडच्या बाहेर जायची. असेल कोणी पाहुणं, असं समजून मी सोडून दिलं. पाचव्या दिवशी बाराला गावात गाडी वळवली आणि ती थांब्यावर उभी होती. तेच लुगडं, तेच ठिपके, हातात डबा. बीडला जायला.

अकराच्या गाडीत ती नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडीत माणसंच अकरा होती. त्या दिवसांत त्या रस्त्याला जीपही चालत नाही. तिने कार्ड पुढे केलं. शेवटचे चार आकडे मी सकाळी पाहिले होते, तेच होते.

"मावशी, तुम्ही सकाळी गेलात ना?"

मी तिच्या मागे उभ्या असलेल्या कोणाशी तरी बोलते आहे, असं तिने माझ्याकडे बघितलं. "शून्याचं द्या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बीडला दारात उभी राहिले. ती उतरली, फाटकातून बाहेर गेली, रसवंतीपाशी वळली. बाराला गावात पोचलो तर ती थांब्यावर. पाय धुळीने भरलेले.

"चाचा, ही सकाळी बीडला उतरली."

"उतरली. मी पण पाहिली."

"मग ही कोण?"

"मॅडम, आपण गाडी चालवायची. मी तर आतला आरसाच वळवून ठेवलाय."

खरंच त्यांनी आरसा छताकडे फिरवला होता.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. भुताला डबा लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. मला काळजी होती ती तपासणीच्या लोकांची. एकाच कार्डावर एकच बाई सकाळी गेली आणि परत न येता दुपारी पुन्हा गेली, हे मी त्यांना कसं समजावणार होते? याहून लहान गोष्टीसाठी आमच्यातली एक जण तीन महिने घरी बसली होती. हे सगळं व्यवहाराचं. तरी दुपारी घरी कणीक मळताना मला मान वळवून मागे पाहायची सवय लागली.

दहा-बारा दिवस असे गेले. मग सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी ड्यूटी संपवून सरकारी दवाखान्यात गेले. औषधाच्या खिडकीकडे जायला पुरुषांच्या वॉर्डावरून जावं लागतं. दारातून सहज आत नजर गेली. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा निजलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याच्या उजव्या हाताला ती बसली होती. डाव्या हाताला पण तीच बसली होती.

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दोघींचे ठिपके, दोघींची लुगडी, दोघींचं पदर सावरणं.

"या बाई," उजवीकडची म्हणाली. "हुडकत आला व्हय?"

"तुम्ही दोघी आहात."

"दोघी हाव. ही माजी पाठची भैन. आन् सवत बी."

मग थोरलीने सगळं सरळ सांगितलं, लपवायला आता काही उरलं नव्हतं. तिला मूल होईना, तेव्हा तिच्याच बापाने धाकटी त्याच घरात दिली. मुलगा धाकटीच्या पोटचा, पण रेशनकार्डावर एकच बायको बसते, म्हणून धाकटीचं नाव कधी चढलंच नाही. शाळेत, कागदावर मुलाची आई थोरली. आधारच्या शिबिरात धाकटी तीनदा गेली. जन्मभर कोयता धरून आणि राख-मातीने भांडी घासून बोटं अशी झालेली की यंत्राला ठसाच लागेना. दाखवायला दुसरा कागदही नव्हता. तिसऱ्यांदा तिला माघारी लावलं, ते लावलंच.

नवऱ्याला डिसेंबरात लकवा मारला. मुलगा-सून टोळीवर, मजुरीची उचल आगाऊ घेतलेली, येता येईना. थोरली सकाळी भाकरी आणायची, त्याला पुसायची, भरवायची, चारच्या गाडीने शेळ्यांसाठी घरी जायची. धाकटी दुपारी यायची आणि मुक्कामाला राहायची. सकाळी लांबच्या गाडीवाल्याच्या पाया पडून गावच्या फाट्यापर्यंत परत यायची, पुढचं चालत, दुपारची भाकरी करायला. थोरलीच्या कार्डाची दुसरी प्लास्टिकची प्रत त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून करून घेतली होती. एका गाडीत दोघींनी बसायचं नाही, एवढा नियम पाळायच्या.

"धाकटीला बायकांचं अर्धं तिकीट आहेच," मी म्हणाले. "कार्ड लागत नाही. उद्यापासून तेवढं काढायचं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"काढू की," थोरली म्हणाली. "पर बाई, तुमीच सांगा. आमच्यातली फुकट बसायची कोण? कार्ड हाय ती, का जिच्याकडं काईच न्हाई ती?"

"नियमाने, कार्ड आहे ती."

"मग त्या नियमाला एकदा ही धाकटी दाखवा."

धाकटी एवढ्या वेळात एक शब्द बोलली नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडातून ओघळलेलं पाणी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बाराला थांब्यावर कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. गाडी कालव्याच्या पुढे आली तेव्हा ती दिसली, रस्त्याच्या कडेने चालत, डोक्यावर डबा. मागून गाडी आली की चालणारा माणूस वळून पाहतो, हात करतो, निदान कडेला सरतो. तिने काही केलं नाही. आम्ही तिच्या शेजारून गेलो. तिसऱ्या दिवशी ती आणखी पुढे होती, चौथ्या दिवशी धरणाच्या भिंतीच्याही पुढे. दिवसेंदिवस लवकर निघत असणार. गाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी तिला पाहिलं आणि तोंडं दुसरीकडे वळवली. ती त्यांच्याच गावची, सगळे ओळखत होते, पण कोणी हाक मारली नाही. कशाला मारतील? बोलले असते तर कार्डाची गोष्ट निघाली असती.

पाचव्या दिवशी मी घंटी न मारताच चाचांनी गाडी थांबवली. मी दार उघडलं.

"चढा."

"पैसं न्हाईत."

"कार्ड आहे ना?"

तिने चोळीतून प्लास्टिकचं कार्ड काढलं. मी शून्याचं तिकीट फाडलं. ते चूक होतं. नियम मला तोंडपाठ आहे आणि मी माझ्या बाजूने काही सांगणार नाही.

फेब्रुवारीत म्हाताऱ्याला घरी सोडलं. दोघींच्या फेऱ्या थांबल्या. मार्चमध्ये, टोळ्या परतायच्या आधी, त्या बड्डेवाल्या म्हाताऱ्याने तिकीट घेता घेता सांगितलं, "आमच्या गल्लीतली ती धाकटी म्हातारी गेली. रातच्या निजंत."

"दाखला काढला का?"

"कशाचा? तिचं नाव कुटं हाय? शेतात न्हेऊन जाळली, झालं."

पुढच्या आठवड्यात बाराच्या फेरीला ती चढली. नवऱ्याच्या गोळ्या संपल्या होत्या. गाडी रिकामीच होती, ती पुढच्या सीटवर बसली आणि कार्ड पुढे केलं. मला वाटलं, ही थोरली. थोरली बोलकी, म्हणून मी विचारपूस केली.

"धाकटी गेली म्हणे."

तिने कार्ड परत चोळीत ठेवलं. मग म्हणाली, "अक्का गेली."

हा थोरलीचा आवाज नव्हता.

"मग तुम्ही..."

"मी कार्डावरची."

पुढचं तिने सावकाश, मोडत-मोडत सांगितलं. सकाळी अक्का उठली नाही. अक्काच्या नावाचा मृत्यूचा दाखला निघाला असता तर कार्ड गेलं असतं, रेशन गेलं असतं, अक्काचा महिन्याचा निराधार पगार गेला असता, आणि लकव्याच्या नवऱ्याच्या घरात कागदावर कोणीच बायको उरली नसती. गल्लीत चार म्हातारी माणसं. ती आली, त्यांनी प्रेताकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि त्यातलाच एक जण म्हणाला, धाकटी गेली. दुसऱ्याने मान हलवली. तिसऱ्याने लाकडं काढली.

"मरायला माजं नाव बरं पडलं," ती म्हणाली. "कुटं लिवायचं नव्हतं."

"मुलाला सांगितलं?"

"सांगितलं. त्यो म्हणाला, बरं केलं आय. आन् फोनवर माज्याच नावानं रडला."

तिचं तिकीट अजून मशीनमध्येच होतं. पालीला गुरुजी चढले, नेहमीसारखे मोठ्याने बोलत. फुकट प्रवासाला आता उत्पन्नाचा दाखला लागणार, अशी अफवा त्या दिवसांत स्टँडवर होती. "लावू द्या," गुरुजी म्हणाले, "माजं शेत कवाच पोरांच्या नावावर हाय. दोन दिवसांत दाखला काढतो." ते मागे जाऊन बसले.

तिने माझ्या बाहीला हात लावला. "बाई, त्या दाखल्याला घरी चौकशीला माणूस येतो का?"

"येतो कधी कधी."

"काय इचारतो?"

"घर पाहतो. शेत किती, शेळ्या किती. घरात सध्या माणसं किती."

तिचे ओठ हलले, मोजल्यासारखे. एकदा, मग पुन्हा एकदा.

"किती सांगू?"

मी तिकीट फाडून तिच्या हातात दिलं.

"दोन सांगा," मी म्हणाले.