खंडेनवमीचे ग्लोव्हज

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. ऑफिसचं लॉगइन करण्याआधी घरातली अवजारं पुसायला काढली. ज्याच्यावर पोट चालतं ते आज पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि उद्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही माझ्या माहेरची रीत. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्येही मी ती सोडलेली नाही. फक्त माझा लॅपटॉप पाचपर्यंत मोकळा होत नाही, म्हणून पूजा संध्याकाळी. देवाला फ्लेक्सी-टाइम चालतो.

नवऱ्याचा ड्रिल, माझी शिवणाची कात्री, गाडीची किल्ली पुसून झाली. मग जिन्याखालच्या कपाटातून लेकीचे ग्लोव्हज काढले.

माझी मुलगी विकेटकीपर. आमच्या काउंटीच्या क्रिकेट संघानं मुलींना पगार देऊन खेळवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या काही जणींत तिला घेतलं. फिजिओथेरपीची डिग्री नुकतीच हातात आली होती, ती बाजूला ठेवून ती गेली. दोन सीझन खेळली. खेळली म्हणजे, पहिल्या पसंतीची कीपर दुसरीच होती. माझी बहुतेक वेळा पिवळं जॅकेट घालून पाण्याच्या बाटल्या न्यायची. या जूनमध्ये त्यांनी तिला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी करार नाही. दहा मिनिटांची मीटिंग. चहा विचारला होता म्हणे.

त्यानंतर मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये तिला नोकरी मिळाली. येत्या सोमवारी रुजू व्हायचं, म्हणून ती सामान बांधायला घरी आली होती. पण मध्येच दुसऱ्या एका काउंटीनं ट्रायलला बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं की ती चिडते. पाटावर ग्लोव्हज मांडले की आपोआप विषय निघेल, असा माझा हिशेब.

ते पुसायला बराच वेळ लागला. तळव्यांवरचं रबर एका बाजूला झिजलंय, आत घामाचा आंबूस वास बसलाय. डाव्या हाताच्या करंगळीपाशी चिकटपट्टी आहे. तिथे तिचं बोट मोडलं होतं, ते अजून सरळ होत नाही. पुसताना मला समुद्राकाठचं ते मैदान आठवत राहिलं. एप्रिल, गार वारा, मी घडीच्या खुर्चीत दोन कोट घालून. पहिली कीपर आजारी, म्हणून माझी आत. एका बॅट्समन मुलीचा पाय क्रीजमधून जरासा सरकला. चेंडू लेगला गेला होता. तो माझ्या लेकीच्या हातात कधी आला आणि बेल्स कधी उडाल्या, मला दिसलंच नाही. दिसले ते तिचे दोन्ही हात वर गेलेले. शेजारच्या म्हाताऱ्या साहेबांनी थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओतली आणि म्हणाले, "ती तुमची का?" मी हो म्हटलं. एवढंच झालं. पण असा एखादा दिवस अजून यावा, असं मला जूनपासून रोज वाटतंय. कामात असले तरी.

साडेपाचला पाट मांडला. नवरा म्हणाला, "माझ्या मॅनेजरला आणून बसवू का इथे? माझं पोट त्याच्यावरच चालतं."

"बसवा. कुंकू लावून उद्यापर्यंत हलू द्यायचं नाही."

"मग तर नक्कीच बोलावतो."

मी ग्लोव्हजना कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं, आणि लेक खाली आली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. पाटाकडे बघून थांबली.

"आई, सीरियसली? माझी ग्लोव्हज?"

"कुंकू लागलंय. आता उद्यापर्यंत उचलायचे नाहीत."

"तू ट्रायलसाठी केलंस हे. आय नो यू."

"दरवर्षी ठेवते."

"दरवर्षी ग्लोव्हज माझा जॉब होती." ती खाली मांडी घालून बसली. "मी नो म्हटलंय. सोमवारीच ईमेल केली. तुला सांगायचं होतं, पण तू कपाट उघडून बसलीस."

नवरा काहीतरी निमित्त काढून किचनमध्ये गेला. मी निरांजनाची वात सारखी केली. ती सारखीच होती.

"एकदा जाऊन तर बघायचंस," मी म्हटलं.

"मी दोन वर्षं बाटल्या कॅरी केल्या, आई. तिथे पण थर्ड कीपर. मला पेशंट पाहिजे, जे माझ्यासाठी वेट करतात." मग जरा हसून, "तुला काय, तुला स्वतःला खेळायचं होतं का?"

"मला? माझ्याच्यानं चेंडू धरवत नाही. मला बघायला बसायचं होतं."

ती उठली. वर गेली आणि प्लॅस्टिकची एक पारदर्शक पट्टी घेऊन आली, मध्ये स्क्रू असलेली. सांधा किती अंशात वाकतो ते मोजायची. ती तिनं ग्लोव्हजच्या शेजारी ठेवली.

"हिला पण लाव. नीट लाव हं, आकडे झाकू नकोस."

मी लावलं. आकडे सोडून, कोपऱ्यात. ग्लोव्हजही तिथेच राहिले. तिनं सरकवले नाहीत, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सातला उठले, लॅपटॉपवरचं फूल बाजूला केलं, कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि लॉगइन केलं. आमच्या ऑफिसच्या टीममध्ये जूनच्या रजा लवकर संपतात, म्हणून ट्रायलच्या आशेनं पुढच्या जूनचे सगळे शुक्रवार मी सप्टेंबरातच मॅचसाठी मागून ठेवले होते. ते एकेक करून रद्द केले. मॅनेजरचा लगेच मेसेज आला, सगळं ठीक आहे ना? ठीक आहे, आता लागत नाहीत, असं लिहिलं. शेवटचा शुक्रवार मात्र तसाच ठेवला. समुद्राकाठच्या मैदानावर कोण ना कोण खेळत असेलच. मग पुरणाची डाळ कुकरला लावली आणि लेकीला उठवायला गेले.